संगणकाची कार्यप्रणाली व तिला लागणारे यंत्रबळ

'कोणती कार्यप्रणाली उत्तम?' हा प्रश्न संगणक शिकविणाऱ्या शिक्षकास गावात वारंवार विचारला जातो. प्रश्न अपुरा आहे. 'कोणत्या यंत्रावर?' हे त्यास जोडल्यावाचून उत्तर देता येत नाही. व्यक्तिगत संगणकाच्या आरंभकाळाकडे पाहिले असता हे ध्यानात येते.

कार्यप्रणाली अर्थात ऑपरेटिंग सिस्टिम ही यंत्र आणि त्यावर करावयाची कामे यांमधील व्यवस्थापक होय. मुलांस समजावताना स्मृतीस वर्गातील फळा व डिस्कला कपाट म्हणावे. काम चालते ते फळ्यावर. फळ्याच्या माथ्यावरील दिनांक, पटसंख्या व सुविचार जेवढी जागा अडवितात, तेवढी पाठास उणी पडते. कार्यप्रणालीही स्मृतीत अशीच जागा अडविते.

आयबीएम कंपनीचा पर्सनल कॉम्प्युटर ऑगस्ट १९८१ मध्ये जाहीर झाला. त्यात इंटेलचा ८०८८ हा प्रोसेसर असून सर्वांत स्वस्त नमुन्यात स्मृती अवघी १६ केबी होती. त्यासाठी पीसी-डॉस, सीपी/एम-८६ व यूसीएसडी पी-सिस्टिम अशा तीन कार्यप्रणाली घोषित झाल्या. पीसी-डॉसची किंमत ४० डॉलर. १९८२ मध्ये आलेल्या सीपी/एम-८६ ची २४० डॉलर. सीपी/एमचे मूळ कर्ते गॅरी किल्डॉल यांची प्रणाली आधीच्या लहान संगणकांवर सुप्रतिष्ठित होती. तथापि ग्राहक स्वस्त मालाकडे वळला, यात नवल नाही.

८०८८ ला पत्ते दर्शविणाऱ्या तारा २० होत्या. दोनाचा विसावा घात १०,४८,५७६. म्हणजे तो १०२४ केबीपलीकडील स्मृती ओळखूच शकत नसे. त्यातील वरचे ३८४ केबी पडदा इत्यादींसाठी राखून ठेवल्याने कार्यप्रणाली व कामे मिळून ६४० केबी उरत. हे गणित वरच्या वर्गातील मुलांकडून अवश्य करवून घ्यावे.

भारतातील निवडक शाळांत १९८४ पासून 'क्लास' योजनेखाली आलेल्या बीबीसी मायक्रो यंत्राची रीत निराळी होती. त्याची कार्यप्रणाली न पुसल्या जाणाऱ्या रॉममध्ये कोरलेली असे. भिंतीवर रंगविलेल्या बाराखडीप्रमाणे ती फळ्याची जागा फारशी खात नसे. मात्र काही चित्रपद्धतींत ३२ केबींपैकी २० केबी पडदाच गिळून टाकी!

चित्रे व खिडक्या असलेल्या प्रणालींची भूक याहून मोठी. १९८३ अखेरच्या 'व्हिजी ऑन'ला ५१२ केबी स्मृती व हार्ड डिस्क लागे. ती बहुतेकांपाशी नव्हती, सबब ती प्रणाली मागे पडली. जानेवारी १९८४ च्या मॅकिंटॉशमध्ये १२८ केबी स्मृती होती. ती इतकी तोकडी ठरली की त्याच वर्षी ५१२ केबींचा नमुना काढावा लागला. १९८५ चे पहिले विंडोज २५६ केबींवर चाले.

सर्वांत बोधप्रद उदाहरण ओएस/२ चे. डॉसवर एका वेळी एकच काम चाले. डिसेंबर १९८७ मध्ये आलेली ओएस/२ एकाच वेळी अनेक कामे करी. एका शिक्षकाने चार इयत्ता सांभाळाव्यात तशी. एका इयत्तेच्या मुलाने दुसऱ्याची पाटी पुसू नये अशी व्यवस्थाही तीत होती. परंतु त्यासाठी ८०२८६ प्रोसेसर हवा व डॉसच्या मानाने फार मोठी स्मृती हवी. १९८८ मध्ये स्मृतीच्या चिपांचा तुटवडा होऊन त्या महागल्या. गुणांत सरस असूनही ती सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आली नाही. मे १९९० चे विंडोज ३.० मात्र जुन्या ८०८८ वर ६४० केबींत, रखडत का होईना, चाले व ८०३८६ वर अधिक कामे करी. असलेले यंत्र न टाकता पुढे जाता येत होते, हे त्याच्या यशाचे एक मोठे कारण होय.

हाच प्रश्न आज शाळेच्या दारात आहे. विंडोज १० ची सर्वसाधारण सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ ला ४ जीबी स्मृती, ६४ जीबी साठवण व टीपीएम २.० हा सुरक्षा-घटक लागतो. चालू स्थितीतील पुष्कळ संगणक या अटींत बसत नाहीत. त्यांवर लिनक्सची एखादी हलकी आवृत्ती बसविता येते. याकरिता देणगीदाखल आलेल्या यंत्राची जडवस्तूसंग्रह नोंदवहीत 'संगणक, नग १' एवढीच नोंद न करता प्रोसेसर, स्मृती व डिस्क यांचे आकडेही लिहावेत.