बाबेल ते मंगळवेढा : सम्राट आऊट, देव नॉटआऊट!

माहीत आहे का? इतिहासभर गाजलेला एक पुतळा कुणी कधी घडवलाच नाही! तो उभा राहिला थेट एका राजाच्या स्वप्नात. बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकात बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर हे स्वप्न पाहतो. डोकं सोन्याचं, छाती चांदीची, पोट पितळेचं, पाय लोखंडाचे आणि पावलांत चक्क माती! एक धोंडा येतो, पावलांवर आदळतो, पुतळा भुगा!

दानीएलानं अर्थ सांगितला : साम्राज्यं एकामागून एक येतील आणि जातील. राजाला बसवणारा देव, उठवणाराही देवच.

पुढच्या दृष्टान्तात तर फुल्ल फाइट! मेंढा म्हणजे मेदी-पारसी, बोकड म्हणजे ग्रीस. बोकडाचं मोठं शिंग ऐन जोरात असताना मोडतं. अनेकांना त्या शिंगात सिकंदर दिसतो. तो मेला इ.स.पू. ३२३ मध्ये, वयाच्या बत्तिशीत. आणि कुठे? त्याच बाबेलमध्ये!

साम्राज्यांचा हाच खेळ बघायला आता गाडी सोलापूर जिल्ह्याकडे. मंगळवेढ्यानं किती झेंडे पाहिले, माहीत आहे का? चालुक्य, कलचुरी, यादव, बहमनी, आदिलशाही, मोगल, मराठे आणि १९४८ पर्यंत सांगलीचे पटवर्धन. मोजता मोजता दमाल!

कलचुरींची तर ही राजधानी. बाराव्या शतकात बिज्जलानं आपल्याच चालुक्य धन्याची गादी बळकावली आणि बस्तान कल्याणला हलवलं. शतक संपायच्या आत कलचुरींचाही गाशा गुंडाळला. पण ज्यांची नोकरी परंपरेनुसार मंगळवेढ्यात सुरू झाली, ते महात्मा बसवेश्वर आजही लाखोंच्या ओठांवर आहेत.

हे कनेक्शन बघा : दानीएल दरबारी अधिकारी, बसवेश्वर दरबारी अधिकारी आणि दामाजीपंतही दरबारी अधिकारी! तिघंही राजाच्या पगारावर, पण निष्ठा वरच्या दरबाराशी.

दामाजीपंतांची कथा तर सुपरहिट. पंधरावं शतक, भीषण दुष्काळ. बीदरच्या बादशहाचं धान्यकोठार पंतांच्या ताब्यात, आणि दाराशी उपाशी माणसं. पंतांनी परवानगीची वाट पाहिली नाही, कोठारं उघडली. बीदरहून बोलावणं आलं. भक्तांची श्रद्धा सांगते, पंत पोचायच्या आधीच विठू महार नावाचा माणूस दरबारात हजर. पै न् पै चुकती, पावती हातात! तो विठू कोण, हे महाराष्ट्रात कुणाला सांगावं लागत नाही. सिंहांच्या गुहेत टाकलेल्या दानीएलासाठी देवानं सिंहांची तोंडं बंद केली, पंतांसाठी खजिनदाराचं! आज बीदरचं तख्त इतिहासजमा आहे आणि मंगळवेढ्याचा साखर कारखाना दामाजींच्या नावानं ओळखला जातो.

संत कान्होपात्राही इथलीच. तिच्यावरही बीदरची नजर पडली. तिनं महालाऐवजी विठोबाचे पाय धरले. १९३१ मध्ये तिच्यावरचं नाटक आलं आणि खुद्द बालगंधर्व कान्होपात्रा झाले!

आणि संत चोखोबा! मंगळवेढ्याचं रक्षण करायची ती गावकूस, तीच १३३८ मध्ये कोसळली आणि खाली मजुरी करणारे चोखामेळा गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी ओळखल्या कशा? आख्यायिका म्हणते, हाडांतून विठ्ठलनाम ऐकू येत होतं. जिवंतपणी ज्यांना देवळात पाऊल टाकू दिलं नाही, त्यांची समाधी आज पंढरपूरच्या महाद्वारी आहे. ही शिवाशिव माणसांनी केली, विठोबानं नव्हे.

शेवटचा धमाका माचणूरचा. मंगळवेढा तालुक्यात भीमा नदीकाठी, माचणूरजवळच्या ब्रह्मपुरीला १६९५ ते १६९९ औरंगजेबाची छावणी होती. त्यानं गावाचं नाव बदलून इस्लामपुरी केलं. दक्खन जिंकायला आलेला बादशहा १७०७ मध्ये अहमदनगरला वारला, दिल्ली पुन्हा दिसलीच नाही. आणि माचणूरच्या भीमेकाठच्या सिद्धेश्वराची पूजा? आजही चालू!

राहता राहिली माती. दानीएलाच्या पुतळ्याचा कच्चा दुवा ती, पण मंगळवेढ्याची काळी माती एकदम पक्की. तिच्यातल्या ज्वारीला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालंय. मग पंढरपूरला जाल तेव्हा वाट थोडी वाकडी करा, दामाजींच्या मंदिरात माथा टेकवा आणि येताना ज्वारी नक्की आणा!