कधी चालतो, कधी नाही: सनरूफचा फॉल्ट शोधा आणि शोधण्याचे पैसेही घ्या



मागच्या व्हिडिओत आपण कामाचा दर कसा ठरवायचा ते बघितलं. त्यावर गॅरेजवाल्या मित्रांचा हमखास येणारा प्रश्न असा: "सर, पार्ट बदलला तर पैसे मागता येतात. पण दोन तास नुसता फॉल्टच शोधला, तर कशाचे पैसे मागायचे?" याचं उत्तर आज एका सनरूफच्या कामातून देतो.

आपल्या बॅचमधल्या एका तरुणाने ऑटो इलेक्ट्रिकलचं छोटं गॅरेज टाकलं. मे महिन्यात एक गाडी आली. तक्रार काय, तर सनरूफ कधी उघडतो, कधी नाही. गॅरेजमध्ये बटण दाबलं, तर काच लोण्यासारखी सरकली! याने अंदाज बांधला, स्विच गेला असेल. स्विच बदलला. चार दिवसांनी गाडी परत. मग मोटर बदलली. आठवडा बरा गेला. मग एका दुपारी काच अर्धी उघडी असताना अडकली आणि संध्याकाळी वळवाचा पाऊस आला. सीट भिजल्या. गिऱ्हाईक आलं ते तावातावानेच. "दादा, दोन पार्टचे पैसे घेतलेत. आता सीट कोण वाळवून देणार?"

त्या रात्री त्याचा मला फोन आला. मी म्हटलं, तिसरा पार्ट बदलू नकोस. आधी वही काढ.

१. हत्याराआधी प्रश्न

अधूनमधून येणारा फॉल्ट गॅरेजमध्ये दिसेलच असं नाही. तो गिऱ्हाइकाने बघितलेला असतो. म्हणून विचारा: कोणत्या वेळी होतं? ऊन, पाऊस, खड्डे, काय असतं? त्या वेळी मोटरचा आवाज येतो का? छतावरचे दिवे नीट लागतात का? आणि हे सुरू होण्याआधी गाडीत काय काम केलं होतं?

उत्तरं मिळाली ती अशी. सकाळी चालतो, दुपारी उन्हात गाडी उभी केली की बंद. बंद पडतो तेव्हा आवाजच येत नाही, आणि पुढचा छोटा दिवाही मंद होतो. दोन महिन्यांपूर्वी डॅशकॅम बसवला होता.

आता बघा, दिवा आणि सनरूफ दोन्ही एकदम बिघडतात, म्हणजे दोष दोघांच्या सामाईक वायरीत असण्याची शक्यता जास्त. एकट्या मोटरवर संशय घ्यायचं कारणच नव्हतं. हे प्रश्न विचारायला पाच मिनिटं लागली. आधी विचारले असते तर दोन पार्ट वाचले असते.

२. काच अडते की करंट?

सनरूफ विजेवर चालत असला तरी सरकतो तो रुळांवर. रुळात पाला, धूळ, वाळलेलं ग्रीस असेल तर मोटरवर जोर येतो. बऱ्याच गाड्यांत बोट अडकू नये म्हणून सुरक्षा असते. अडथळा जाणवला की काच उलटी फिरते. म्हणून काच थोडी जाऊन परत येत असेल, तर आधी रूळ बघा. बॅटरी काढून लावल्यावर काही गाड्यांत काचेची जागा पुन्हा शिकवावी लागते. त्याची पद्धत त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असते, तीच वापरा. पण मोटर अजिबात आवाज करत नसेल, तर करंटच्या मागे लागा.

३. फॉल्टला समोर आणा

जो फॉल्ट दिसत नाही, तो दुरुस्त झाला हे कळणार कसं? त्याने गाडी दुपारी दोन तास उन्हात उभी केली. बटण दाबलं. काच हललीच नाही! त्याला इतका आनंद झाला की त्याने मला व्हिडिओ पाठवला.

४. १२ व्होल्ट दिसले म्हणून फसू नका

इथे नवीन मुलं चुकतात. मोटरचा कपलर काढून मीटर लावला, १२ व्होल्ट दिसले, म्हणजे वायर चांगली असं समजतात. पण मीटर नगण्य करंट घेतो. वायरीची एकच तार शिल्लक असली तरी तो १२ दाखवेल. मोटरने जोर मागितला की खरं रूप कळतं. म्हणून मोजायचं ते कपलर जोडलेला ठेवून आणि बटण दाबून.

त्याने मीटरची एक पिन मोटरच्या अर्थ वायरला लावली, दुसरी बॉडीच्या स्वच्छ धातूला. अर्थ चांगली असेल तर बटण दाबल्यावर इथे साधारण ०.१ ते ०.२ व्होल्टच दिसायला हवेत. त्याला दिसले ३ व्होल्टच्या वर! मग कपलर हलवत, वायर चाचपत तो मागे मागे गेला. पुढच्या खांबाखालच्या कपलरमध्ये डॅशकॅमची वायर जबरदस्तीने खुपसली होती. त्यामुळे अर्थची पिन फाकली होती. थंड असताना ती कशीबशी टेकायची, तापली की सैल व्हायची. नवी पिन बसवली, डॅशकॅमला वेगळी जोडणी दिली.

दोन सूचना. त्या खांबात आणि छताच्या कडेला एअरबॅग असू शकते. पॅनल काढण्याआधी बॅटरी काढा, मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा आणि पिवळ्या कपलरला टेस्ट लॅम्प लावू नका. आणि फ्यूज उडतो म्हणून मोठा फ्यूज कधीच घालू नका, वायर जळेल.

५. आता पैशांचं

पिन काही रुपयांची, मेहनत अडीच तासांची. हिशोब असा करा. समजा भाडं, वीज, मदतनीस, हप्ता आणि तुमचा स्वतःचा पगार धरून महिन्याचा खर्च ६०,००० रुपये आहे. प्रत्यक्ष बिल होणारे तास १२० आहेत. म्हणजे तासाला ५०० रुपये तर नुसता खर्च निघायलाच हवेत, नफा त्यावर. हे तपासणी शुल्क काम हातात घेतानाच सांगा आणि जॉब कार्डवर लिहा: "तपासणी इतके तास, इतके रुपये. त्यापुढे जायचं असेल तर फोन करून विचारू." आधी सांगितलं तर तो दर असतो, नंतर सांगितलं तर भांडण होतं.

आपल्या मित्राने या वेळी शुल्क घेतलं नाही. उलट स्विचची किंमत आणि दोन्ही वेळची मजुरी परत केली, कारण अंदाजाची किंमत गिऱ्हाइकाने का भरायची? बिघडलेली पिन, मीटरचा आधीचा आणि नंतरचा आकडा दाखवला. पुन्हा उन्हात गाडी तापवून गिऱ्हाइकालाच बटण दाबायला लावलं. तो महिना तोट्यात गेला. पण तेच गिऱ्हाईक पुढे शेजाऱ्याची गाडी घेऊन आलं, आणि त्या गाडीचं तपासणी शुल्क त्याने आधी सांगून घेतलं. कुणी घासाघीस केली नाही.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमचा धंदा कोणताही असो, गिऱ्हाइकाला काम सुरू करण्याआधी विचारायचे पाच प्रश्न लिहून काढा आणि काउंटरवर चिकटवा. पुढच्या व्हिडिओत आपण जॉब कार्ड बनवू.