मोटरहोम सरळ रेषेत का चालत नाही?

मागच्या व्याख्यानानंतर बऱ्याच श्रोत्यांचा, विशेषतः अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांचा, एकच प्रश्न होता. सुट्टीत मोटरहोम घेऊन यलोस्टोनला किंवा ग्रँड कॅनियनला जायचं ठरतं, गाडीत सगळं कुटुंब असतं, आणि हायवेला लागल्यावर पहिल्या तासातच चालवणाऱ्याचे खांदे भरून येतात. गाडी लेनमध्ये राहत नाही. शेजारून ट्रक गेला की आधी एक ढकलल्यासारखा धक्का बसतो, मग आत ओढल्यासारखं होतं. हे असंच असतं का, की यावर काही करता येतं? आज आपण याचं उत्तर शोधू. आधी कारण पाहू आणि मग उपाय, कारण कारण न समजता उपाय केला तर पैसे जातात आणि गाडी तशीच डुलत राहते.

आधी गाडी कशी बनते ते बघा. अमेरिकेतली पेट्रोलवर चालणारी मोठी, बससारखी सपाट तोंडाची मोटरहोम्स बहुतांशी फोर्डच्या एफ-५३ या चॅसिसवर बांधलेली असतात. फोर्ड देते ती फक्त चौकट, इंजिन, ॲक्सल आणि चाकं. वरचं घर दुसरी कंपनी बांधते. म्हणजे स्प्रिंग ठरवणाऱ्याला वर नेमकं किती वजन येणार, कुठे येणार, किती उंचीवर येणार हे माहीत नसतं. पुढे-मागे दोन्हीकडे अखंड ॲक्सल आणि लीफ स्प्रिंग, म्हणजे आपल्याकडे गॅरेजमध्ये ज्यांना पाटे म्हणतात ते. ही मजबूत आणि स्वस्त रचना आहे, पण मुळात ती ओझं वाहण्यासाठी आहे.

वारा किती जोरात ढकलतो?

आता एक साधा हिशेब करू. मोटरहोमची बाजू ९ मीटर लांब आणि साधारण २.८ मीटर उंच धरली तर क्षेत्रफळ झालं २५ चौरस मीटर. ताशी ५४ किलोमीटरचा, म्हणजे सेकंदाला १५ मीटरचा वारा थेट बाजूने आला, तर दर चौरस मीटरला साधारण १३५ न्यूटन दाब येतो. गुणाकार केला की ३४०० न्यूटनच्या आसपास. बोली भाषेत सांगायचं तर बाजूने ३४० किलोचा जोर. ही उभ्या गाडीची गोष्ट झाली. गाडी धावत असेल तर तिचा स्वतःचा वेग यात मिळतो आणि जोर आणखी वाढतो.

ऐकायला हे फार वाटतं. पण थांबा. गाडीचं वजन ८ टन आहे. हाच हिशेब दीड टनाच्या कारसाठी केला, तिची बाजू ६ चौरस मीटर धरली, तर ८१० न्यूटन येतात. वजनाच्या मानाने पाहिलं तर कारला बसणारा धक्का मोटरहोमपेक्षा कमी नाही, थोडा जास्तच आहे. तरीही कार सरळ जाते. म्हणजे सगळा दोष वाऱ्याला देऊन चालणार नाही. वारा आणि रस्ता यांच्या मध्ये जे काही आहे, तिथे शोधायला हवं.

तिथे काय सापडतं? वाऱ्याचा जोर जमिनीपासून दोनेक मीटर उंचीवर लागतो, म्हणून घर एका बाजूला कलतं. घर कललं की एका बाजूचे पाटे दबतात, दुसऱ्या बाजूचे मोकळे होतात. पाटा दबला की तो सपाट होतो, लांबतो, आणि ॲक्सलचं ते टोक किंचित पुढे-मागे सरकतं. दुसरं टोक उलट सरकतं. म्हणजे मागचा ॲक्सल थोडासा वळला! चालवणाऱ्याने स्टिअरिंगला हात लावलेला नाही, तरी गाडी वळायला लागली. मग तो सावरतो. पण मोटरहोमचा प्रतिसाद सावकाश, म्हणून तो जरा जास्तच सावरतो. गाडी दुसरीकडे जाते, तो परत सावरतो. दिवसभर हेच चाललं की माणूस थकणारच. आणि थकलेल्या माणसाच्या हातात ८ टन असणं, हा या विषयातला खरा धोका आहे.

ट्रक शेजारून जातो तेव्हा

मागून वेगात येणारा ट्रक आपल्यापुढे हवेचा एक फुगवटा ढकलत येतो. तो फुगवटा आधी आपल्या गाडीच्या मागच्या कोपऱ्यावर आदळतो. मोटरहोमचा मागचा बराच भाग ॲक्सलच्या मागे लोंबत असतो, त्यामुळे शेपूट बाहेर ढकललं जातं आणि तोंड ट्रककडे वळू पाहतं. ट्रक अगदी शेजारी आला की दोन भिंतींमधली हवा जोरात वाहते, दाब कमी होतो आणि आत ओढल्यासारखं वाटतं. हे सगळं काही सेकंदांत घडतं. याला तिकडचे लोक गमतीने म्हणतात, शेपूट कुत्र्याला हलवतंय.

यात पाट्यांचा दुसरा दुर्गुण दिसतो. पाट्याच्या टोकाला रबरी बुश आणि झुलती कडी असते, त्यामुळे घर ॲक्सलच्या वर थोडंसं आडवं सरकू शकतं. शेपूट ढकललं जातं ते याच मोकळीकीतून.

पाण्याची टाकी आणि तरफ

आता वजनाकडे येऊ. इथे एक पैसाही खर्च न करता सगळ्यात जास्त फरक पडतो. लहानपणचा सी-सॉ आठवा. मागचा ॲक्सल हा टेकू. त्याच्या मागे ठेवलेलं प्रत्येक ओझं पुढचा ॲक्सल उचलायला बघतं.

समजा, दोन ॲक्सलमधलं अंतर ५ मीटर आहे आणि पाण्याची टाकी मागच्या ॲक्सलच्या अडीच मीटर मागे आहे. टाकीत ३०० लिटर पाणी, म्हणजे ३०० किलो. पुढच्या ॲक्सलवरचं वजन किती कमी झालं? ३०० गुणिले अडीच भागिले ५, म्हणजे १५० किलो. आणि मागच्या ॲक्सलवर ३०० नाही, ४५० किलो वाढले. शिवाय मागे सायकलींचा रॅक, खुर्च्या, जनरेटरचं इंधन, आजीने दिलेला फराळाचा डबा, सगळं मागच्याच कप्प्यात! पुढची चाकं हलकी झाली की त्यांची पकड कमी होते आणि स्टिअरिंग पोकळ लागतं.

उलटा हिशेबही तसाच आहे. मागच्या त्याच जागेवरचं १०० किलो सामान काढून पुढच्या चाकांच्या एक मीटर मागच्या कप्प्यात ठेवलं, तर पुढच्या ॲक्सलवर १३० किलो वाढतात. म्हणून जड वस्तू पुढे आणि खाली, हलक्या वस्तू मागे आणि वर. मुक्कामाच्या ठिकाणी पाणी मिळणार असेल तर टाकी तिथे जाऊन भरावी, वाटेपुरतं थोडं ठेवावं. अर्थात पुढच्या ॲक्सलचीही मर्यादा असते, ती ओलांडायची नाही. मोटरहोमच्या दाराजवळ एक लेबल असतं, त्यावर माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते लिहिलेलं असतं. भरलेली पाण्याची टाकी त्या सामानातच मोजायची, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

आता वजन किती आहे हे अंदाजाने ठरवू नये. अमेरिकेत ट्रक थांब्यांवर कॅट स्केलचे वजनकाटे असतात. त्यांचे प्लॅटफॉर्म वेगवेगळे असल्यामुळे पुढच्या ॲक्सलचं आणि मागच्या ॲक्सलचं वजन स्वतंत्र मिळतं. प्रवासाला निघताना असते तशीच गाडी न्यायची. माणसं आत, टाकी जशी ठेवणार तशी, किराणा भरलेला.

टायरमध्ये हवा किती?

तो कागद हातात आला की पुढचं काम टायरचं. टायरच्या बाजूवर एक आकडा छापलेला असतो. अनेकजण तोच भरून मोकळे होतात. पण तो दाब त्या टायरच्या कमाल भारासाठीचा आहे. आपला भार कमी असेल तर टायर कडक होतो, रस्त्याला टेकणारा भाग लहान होतो, आणि गाडी रस्त्यावरच्या प्रत्येक चरीमागे धावते. हवा कमी असली तर त्याहून वाईट. टायरच्या भिंती दर फेऱ्याला वाकतात, तापतात, आणि शेवटी टायर फुटतो.

टायर कंपन्या भार आणि दाब यांची तक्ती छापतात. आपल्या टायरच्या साइजची तक्ती काढायची आणि ॲक्सलच्या वजनावरून दाब ठरवायचा. एका बाजूला जास्त भार असेल तर जड बाजूच्या हिशेबाने दोन्हीकडे सारखी हवा भरायची. तक्तीत मिळतो तो किमान दाब, म्हणून त्यावर थोडी वाढ ठेवणं शहाणपणाचं. मोजायचं सकाळी, चाकं थंड असताना. दुपारी दाब वाढलेला दिसला म्हणून हवा सोडायची नाही, ती वाढ टायर कंपनीने धरलेलीच असते.

मग पाना हातात घ्यायचा

इथपर्यंत झाल्यावर गाडी स्वतःची असेल तर पुढचे उपाय क्रमाने.

पहिलं, झिजलेले भाग. स्टिअरिंगच्या सांध्यांतला लूज, बुश, शॉकॲब्सॉर्बर. इथे ढिलाई असेल तर वर लावलेलं कुठलंही महागडं उपकरण कामाचं नाही.

दुसरं, व्हील अलाइनमेंट, आणि तेही सामान भरलेल्या गाडीचं, कारण भाराने गाडीची बैठक बदलते. यात दोन गोष्टी महत्त्वाच्या. सायकलच्या पुढच्या चिमट्याला असतो तसा मागे झुकलेला कोन चाकांना आपोआप सरळ आणतो, त्याला कॅस्टर म्हणतात. तो कमी असेल तर गाडी भटकते. आणि चाकांची पुढची टोकं बाहेर फाकलेली असतील तरीही भटकते, ती किंचित आत हवीत.

तिसरं, अँटी-रोल बार. घर कलायला लागलं की हा पिळला जाणारा दांडा विरोध करतो. एफ-५३ चॅसिसच्या अनेक गाड्यांत या दांड्याच्या टोकाला दोन भोकं असतात. कडी बाहेरच्या भोकातून आतल्या भोकात बसवली की तरफेचा हात आखूड होतो आणि बार कडक होतो. हात ३० सेंटिमीटरचा २५ झाला तर कडकपणा जवळजवळ ४४ टक्के वाढतो. खर्च जवळपास शून्य, म्हणून तिकडच्या मालकांमध्ये याला 'स्वस्तातला इलाज' असंच नाव पडलंय. कडी कुठे घासत नाही ना, हे मात्र मेकॅनिककडून बघून घ्यावं.

चौथं, मागचा ट्रॅक बार. एक टोक ॲक्सलला, दुसरं चौकटीला, असा आडवा दांडा. पाट्यांमधली ती आडवी मोकळीक तो बंद करतो. ट्रकच्या धक्क्याची मुख्य तक्रार असेल, तर औषध हे.

पाचवं आणि शेवटी, स्टिअरिंग स्टॅबिलायझर. लोक सुरुवात इथूनच करतात! पुढचा टायर फुटला तर त्याचा आधार होतो, हे खरं. पण चुकीचा दाब आणि बिघडलेलं अलाइनमेंट तो नुसतं झाकून ठेवतो.

एका वेळी एकच बदल करा आणि त्याच रस्त्यावर चालवून बघा. पाच गोष्टी एकदम केल्या तर कशाने गुण आला ते कधीच कळत नाही.

भाड्याची गाडी असेल तर?

हा प्रश्न समोरून आला आहे, आणि रास्त आहे. भाड्याच्या गाडीला पाना लावता येत नाही. पण सामान कुठे ठेवायचं, पाणी किती भरायचं, सकाळी हवा तपासायची, हे आपल्या हातात आहे. वेगही आपल्याच हातात. ताशी ६५ मैलांना गाडी सेकंदाला २९ मीटर जाते. म्हणून नजर बॉनेटपुढच्या रस्त्यावर ठेवू नका, लांब क्षितिजाकडे ठेवा. हात आपोआप शांत होतात आणि जास्तीचं सावरणं थांबतं. ट्रक मागून येताना आरशात दिसतोच, तेव्हा लेनमध्ये थोडं पलीकडे सरकून त्याला जागा द्या. आणि टायर फुटलाच तर ब्रेकवर पाय मारू नका. क्षणभर ॲक्सिलरेटर तसाच ठेवून गाडी सरळ धरा, मग हळूहळू वेग कमी करा.

शेवटचं. वायोमिंगमध्ये लॅरमी आणि रॉलिन्सच्या मधला आय-८० हायवे वाऱ्यासाठी प्रसिद्ध आहे. वारा वाढला की तिथलं राज्य सरकार हलक्या आणि उंच गाड्यांना तो रस्ता बंद करतं. यलोस्टोनला जाताना तशी पाटी दिसली, तर हॉटेलचं बुकिंग, सुट्टीचे उरलेले दिवस, मुलांची कुरकुर, यातलं काहीही मध्ये आणू नका. गाडी बाजूला घ्या, चहा टाका. घर बरोबरच तर आहे. वारा पडला की निघू.