हृदयातील गतिकारक कोशिका व कॅल्शियम

हृदयाच्या ठोक्यांची गती ठरविणाऱ्या विशिष्ट स्नायू-कोशिकांना (पेशींना) गतिकारक कोशिका म्हणतात. त्यांचा मुख्य समूह, म्हणजे कोटर-अलिंद गाठ, ऊर्ध्व महानीला उजव्या अलिंदात जेथे उघडते तेथे असतो. आर्थर कीथ व मार्टिन फ्लॅक यांनी १९०७ मध्ये तिचे वर्णन केले. तंत्रिकांशी असलेला संबंध तोडला तरी हृदय धडधडत राहते, ते या गाठीमुळे.

कॅल्शियमाचे महत्त्व त्यापूर्वीच, काहीसे योगायोगाने, उघड झाले होते. लंडनमध्ये सिडनी रिंगर यांच्या प्रयोगांत बेडकाचे हृदय लवण-विद्रावात उत्तम चालले. पण तो विद्राव ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी नळाच्या पाण्यात केला गेला होता, असे मागाहून लक्षात आले. ऊर्ध्वपातित पाणी वापरताच आकुंचने क्षीण होऊन थांबली. फरक नळाच्या पाण्यातील कॅल्शियमाचा होता (१८८३). मात्र हे कॅल्शियम आकुंचनाला लागणारे होते. ठोका केव्हा पडावा हे ठरविण्यातही त्याचा वाटा आहे, हे कळण्यास सुमारे शंभर वर्षे लागली.

सामान्य हृद्-स्नायूच्या कोशिकेचे विद्युत् वर्चस् दोन ठोक्यांच्या दरम्यान स्थिर असते. गतिकारक कोशिकेत ते सुमारे –६० मिलिव्होल्टपासून हळूहळू चढते व –४० च्या आसपास सीमा ओलांडताच पटलातील कॅल्शियम-मार्ग उघडून आवेग निर्माण होतो. या चढणीस लागणाऱ्या वेळावर नाडीचा वेग मुख्यत्वे अवलंबून असतो. म्हणून सारा वाद चढणीच्या कारणाविषयीच आहे. १९७९ मध्ये ब्राउन, दीफ्रांचेस्को व नोबल यांनी या कोशिकांत आत वाहणारा एक आयन-प्रवाह दाखविला. त्याचे वागणे चमत्कारिक वाटल्याने त्याला ‘गमतीदार’ प्रवाह म्हणू लागले आणि ते नाव टिकले.

दुसरे कारण कोशिकेच्या आत आहे. कोशिकाद्रव्यातील मुक्त कॅल्शियम बाहेरच्या द्रवातल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी कमी असते, कारण त्यातील बरेचसे आतील जालिकेत साठविले जाते. साठा भरत आला की जालिकेवरील रायनोडीन ग्राहींतून कॅल्शियमाचे लहान झोत आपोआप सुटतात. पटलातील विनिमयक प्रथिन असा एक कॅल्शियम आयन बाहेर टाकताना तीन सोडियम आयन आत घेते. कॅल्शियमावर दोन व प्रत्येक सोडियमावर एक धन भार असल्याने दर विनिमयाला एक धन भार आत उरतो व वर्चस् सीमेकडे ढकलले जाते. आवेगाबरोबर नवे कॅल्शियम आत येते आणि साठा पुन्हा भरू लागतो. बाल्टिमोर येथील एडवर्ड लकाटा व त्यांच्या सहकाऱ्यांनी या चक्राला ‘कॅल्शियम घड्याळ’ म्हटले आहे.

ॲड्रेनॅलिनामुळे कोशिकेतील चक्रीय एएमपी वाढून झोत लवकर सुटतात व गमतीदार प्रवाहही वाढतो. प्राणेशा तंत्रिकेतून स्रवणारे ॲसिटिलकोलीन याउलट कार्य करते.

यांपैकी प्रमुख घटक कोणता, याबद्दल मतभेद आहेत. रायनोडिनाने झोत रोखले असता ठोके मंदावतात. इव्हाब्रॅडीन हे औषध गमतीदार प्रवाह अडविते, तरी हृदय मंदावते, थांबत नाही. तेव्हा दोन्ही यंत्रणा एकमेकींत गुंतलेल्या आहेत असे मानणेच सयुक्तिक होय.

रायनोडीन ग्राहीच्या जनुकातील काही उत्परिवर्तनांत निलयांच्या कोशिकांतूनही कॅल्शियम अवेळी झिरपते. अशी मुले धावताना, पोहताना किंवा भावनावेगात एकाएकी बेशुद्ध पडतात व त्यातून मृत्यूही ओढवू शकतो. विश्रांतीच्या वेळी मात्र त्यांची नाडी पुष्कळदा मंद असते व विद्युत् हृल्लेख बहुधा निर्दोष दिसतो. त्यामुळे अपस्माराचे चुकीचे निदान होण्याचा संभव असतो. अशा वेळी हृल्लेख श्रम करवून घेतानाच काढावा लागतो.