लेखण्यांचा मठ, टपालाचा राजवाडा

बव्हेरियातील डॅन्यूबकाठच्या रेगेन्सबुर्ग शहरात, जुन्या गावठाणाच्या दक्षिण कडेला, सांक्त एमेराम राजवाडा नावाची जी विस्तीर्ण वास्तू उभी आहे, ती हजाराहून अधिक वर्षे बेनेडिक्टाइन मठ होती आणि १८१२ पासून थुर्न उंड टाक्सिस या घराण्याच्या मालकीची आहे. बेनेडिक्टाइन म्हणजे इटलीतील संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात घालून दिलेल्या ७३ प्रकरणांच्या नियमावलीनुसार प्रार्थना, वाचन आणि अंगमेहनत यांत दिवस वाटून राहणारे मठवासी. आणि थुर्न उंड टाक्सिस म्हणजे युरोपातील टपाल साडेतीन शतकांहून अधिक काळ वाहून गडगंज झालेले घराणे. एका घराने पुस्तके लिहिली, दुसऱ्याने पत्रे पोहोचवली, आणि इतिहासाच्या एका व्यवहारात पहिल्याची भिंतीछपरे दुसऱ्याच्या पदरात पडली. या वास्तूत शिरणाऱ्या बहुतेक प्रवाशांना ती राजवाडा म्हणून दाखवली जाते. तिचे खरे मोल मात्र मठात आहे, असे म्हणणे धाडसाचे ठरू नये.

स्थापनेचा इतिहास थोडक्यात असा. एमेराम हा सातव्या शतकातील फिरता बिशप, म्हणजे धर्मप्रांताचा प्रमुख. त्याची बव्हेरियात हत्या झाली आणि रेगेन्सबुर्ग येथील त्याच्या समाधीभोवती ७३९ च्या सुमारास मठ उभा राहिला. आरंभी शहराचा बिशप हाच मठाधिपती असे. ९७५ मध्ये बिशप वोल्फगांग यांनी ही दोन पदे वेगळी करून ट्रियरहून रामवोल्ड यांना मठाधिपती म्हणून आणले, आणि मठाच्या उत्कर्षाचा काळ सुरू झाला. १२९५ मध्ये मठ थेट सम्राटाच्या अखत्यारीत आला, अठराव्या शतकात मठाधिपतीला राजपदाचा मान मिळाला, आणि १८०३ च्या सुमारास जर्मन प्रदेशांतील मठांच्या मालमत्ता राज्यसत्तांनी ताब्यात घेतल्या तेव्हा हाही मठ खालसा झाला. गोव्यात १८३४ च्या पोर्तुगीज हुकुमानंतर जुन्या गोव्यातील मठ असेच ओस पडले आणि ऑगस्टिनियन संप्रदायाच्या भव्य चर्चचे छत १८४२ मध्ये कोसळले. रेगेन्सबुर्गच्या मठाला श्रीमंत भाडेकरू नव्हे, श्रीमंत मालकच लाभला, म्हणून तो उभा राहिला.

मठाच्या ज्या अंगाचे कौतुक सर्वाधिक करावे ते म्हणजे तेथील लेखनशाळा. छपाईपूर्व काळात पुस्तक म्हणजे वासराच्या वा मेंढीच्या कातड्यापासून तयार केलेल्या चर्मपत्रावर पिसाच्या लेखणीने उतरवलेली प्रत, आणि अशी प्रत करणे हे मठवासीयाचे धर्मकार्यच मानले जाई. बेनेडिक्टच्या नियमावलीचे ३३ वे प्रकरण मठवासीयाला खाजगी मालकी पूर्णपणे नाकारते आणि त्यात पुस्तक, लिहिण्याची पाटी व लेखणी यांचाही मुद्दाम उल्लेख करते. ज्याच्या हातून आयुष्यभर पुस्तके उतरली त्याला ती लेखणीही स्वतःची म्हणता येत नसे. तरीही या घरातील लेखनिकांचे चेहरे आज स्पष्ट दिसतात, ते त्यांनी स्वतःविषयी लिहून ठेवल्यामुळे.

ओटलोह हे त्यांतले सर्वांत लोभस नाव. १०३२ मध्ये या मठात दाखल झालेल्या या लेखनिकाने आपल्या मनातील मोहांविषयी एक लहान ग्रंथ लिहिला, आणि त्यात धर्मग्रंथ खरे आहेत का, इतकेच नव्हे तर ईश्वर तरी आहे का, अशा शंकांनी आपल्याला ग्रासल्याची कबुली दिली. अकराव्या शतकातील मठवासीयाकडून असे लेखन येणे विरळाच. त्याच ग्रंथात तो सांगतो की, लहानपणी आपण कोणी न शिकवता चोरूनमारून अक्षरे गिरवली, त्यामुळे लेखणी धरण्याची चुकीची पद्धत हाताला जडली आणि पुढे ती कोणालाच सुधारता आली नाही. अशा वाकड्या पकडीच्या हाताने त्याने किती पुस्तके उतरवली आणि कोणकोणत्या मठांना व माणसांना दिली, याची यादीही तो देतो, आणि ती यादी वाचताना नम्रतेचे व्रत घेतलेल्या माणसाचा अभिमान लपत नाही. हस्ताक्षरापायी ज्यांनी शाळेत बोटांवर पट्टी खाल्ली त्यांना ओटलोह विशेष जवळचा वाटावा.

त्याच्याच सहवासात वाढलेला तरुण मठवासी विल्हेल्म हा खगोलाचा आणि संगीताचा अभ्यासक. त्याने या दोन्ही विषयांवरील ग्रंथ संवादरूपाने लिहिले आणि संवादातला दुसरा बोलणारा म्हणून ओटलोहलाच उभे केले. विल्हेल्म पुढे १०६९ मध्ये हिर्साऊ येथील मठाचा प्रमुख झाला व तेथून त्याने मठसुधारणेची मोठी लाट उभी केली. मात्र रेगेन्सबुर्गमध्ये त्याच्या नावाशी जोडली गेलेली एक दगडी वस्तू अजून शाबूत आहे. पुरुषभर उंचीहून मोठ्या या स्तंभाच्या माथ्यावरील वर्तुळाकार चकतीच्या एका बाजूस खगोलीय वर्तुळे कोरलेली आहेत, आणि दुसऱ्या बाजूस गुडघे टेकून वर आकाशाकडे पाहणारा आराटुस हा प्राचीन ग्रीक कवी आहे, ज्याचे तारकांवरील काव्य मध्ययुगात पाठ्यपुस्तकासारखे वाचले जाई. ती पाहण्यासाठी राजवाडा सोडून शहराच्या ऐतिहासिक संग्रहालयात जावे लागते, आणि घाईतले प्रवासी नेमके तेथेच जात नाहीत.

मठाच्या ग्रंथसंपत्तीत शिरोमणी म्हणजे ‘कोडेक्स आउरेउस’, अर्थात सुवर्णग्रंथ. चार शुभवर्तमानांची ही प्रत ८७० मध्ये फ्रँकिश राजा टकला चार्ल्स याच्यासाठी सोन्याच्या अक्षरांत लिहिली गेली, नवव्या शतकाच्या अखेरीस सम्राट आर्नुल्फ याच्या हातून ती या मठाला मिळाली, आणि रामवोल्डच्या काळात मठवासीयांनी तिची डागडुजी करताना पहिल्या पानावर आपल्या मठाधिपतीचे चित्र घालून ठेवले. मुखपृष्ठावर ठोकून उठाव दिलेल्या सोन्याच्या पत्र्यात सिंहासनस्थ ख्रिस्त आहे आणि भोवती पाचू, नीलम व मोती यांची कड आहे. पण या वैभवाच्या शेजारी त्याच ग्रंथालयातील एक गबाळी नोंद ठेवून पाहिली पाहिजे: नवव्या शतकातील एका सुरेख हस्तलिखिताच्या कोऱ्या पानांवर आणि समासांत कोणीतरी ओबडधोबड हाताने जुन्या जर्मन बोलीतील एक काव्य खरडून ठेवले आहे, ज्यात मेलेल्या जिवासाठी देवदूत व सैतान झगडतात आणि जग आगीत जळते. ‘मुस्पिली’ या नावाने ओळखले जाणारे हे काव्य आरंभ-अंताविना उरले आहे, आणि जर्मन साहित्याच्या अभ्यासकाला सुवर्णग्रंथाहून हे खरडणेच अधिक मोलाचे वाटते, यात नवल नाही.

याच ग्रंथालयात पंधराव्या शतकाच्या अखेरीस कोनराड सेल्टिस या विद्वानाला दहाव्या शतकातील रोस्विथा या स्त्रीच्या लेखनाची प्रत सापडली. गांडर्सहाइमच्या मठात राहणाऱ्या रोस्विथाने रोमन नाटककार टेरेन्स याच्या धर्तीवर, पण त्याच्या लंपट कथानकांना उत्तर म्हणून, सहा नाटके लिहिली होती आणि ती जवळजवळ विस्मृतीत गेली होती. सेल्टिसने १५०१ मध्ये ती छापली, तेव्हा त्या आवृत्तीच्या चित्रांत आल्ब्रेख्ट ड्यूररचाही हात होता. जिला अनेकदा युरोपातील पहिली ज्ञात स्त्री-नाटककार म्हटले जाते, ती जगाला पुन्हा मिळाली ती या मठवासीयांनी आपल्याला न लागणारे पुस्तकही फेकून दिले नाही म्हणून.

अर्थात लेखणी नेहमीच सत्याच्या सेवेत नव्हती. पॅरिसजवळच्या सँ-देनी मठात पुरलेला संत डायोनिसियस याचा देह प्रत्यक्षात आपल्याकडे आहे, आर्नुल्फच्या काळात तो गुपचूप आणला गेला, असा दावा एमेरामच्या मठवासीयांनी अकराव्या शतकात पुढे केला आणि त्यासाठी कागदपत्रेही रचली. संताच्या अस्थी म्हणजे यात्रेकरू, देणग्या आणि प्रतिष्ठा, त्यामुळे हा दावा किरकोळ नव्हता. फ्रान्समध्ये १०५३ मध्ये डायोनिसियसची पेटी उघडून सर्वांसमक्ष खातरजमा करावी लागली. दगडात कोरलेला पुरावा मात्र आजही चर्चच्या उत्तर दारी आहे: सुमारे १०५० च्या तीन शिल्पपट्टांत ख्रिस्त, एमेराम आणि डायोनिसियस, आणि ख्रिस्ताच्या पायाशी एका वर्तुळात काम करवून घेणाऱ्या रेगिनवार्ड या मठाधिपतीचा लहानसा मुखवटा. जर्मनीतील सर्वांत जुन्या दगडी शिल्पांत यांची गणना होते. राजवाड्याचे तिकीट न काढताही ती पाहता येतात, कारण चर्च आता शहराच्या धर्मग्रामाचे आहे आणि राजवाड्याच्या आवाराला ते लागून असले तरी त्याचा भाग नाही.

त्या दारातून आत गेल्यावर १७३१ ते १७३३ या काळात आसाम बंधूंनी केलेली बरोक शैलीची सजावट, म्हणजे गिलाव्याची फुले, रंगवलेले छत आणि सोन्याचा मुलामा, नजर व्यापून टाकते. ती पाहावी, पण तिच्यात अडकून न पडता खाली तळघरांत उतरावे. तेथील भुयारी समाधिगृहे वेगवेगळ्या शतकांची आहेत: एमेरामची सर्वांत जुनी, नंतर रामवोल्डची, आणि १०५२ मध्ये पोप नववा लिओ यांच्या हस्ते पवित्र केली गेलेली संत वोल्फगांगची. वर चर्चमध्ये नवव्या शतकातील पूर्व फ्रँकिश राणी हेमाची तेराव्या शतकात कोरलेली समाधिशिला आहे.

मठाची ओवरी मात्र राजवाड्याच्या मार्गदर्शित फेरीतच पाहायला मिळते. चौकोनी अंगणाच्या चारी बाजूंनी छपरी, कमानदार मार्ग, मठवासीयांनी वाचत, मनन करत, पावसापासून आडोशाला फिरावे यासाठी. हीच ख्रिस्ती मठांतील ओवरी, आणि देवळाच्या आवारातील ओवऱ्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना तिचे कार्य वेगळे समजवायला नको. येथील ओवरीचे बांधकाम शतकानुशतके चालू राहिल्यामुळे एका बाजूने चालताना कमानी गोलाईकडून टोकदारपणाकडे जाताना दिसतात, म्हणजे रोमनेस्क शैली गॉथिकमध्ये विरघळत जाते. खांबांच्या माथ्यावरची कोरीव पाने जवळ जाऊन पाहिली तर आरंभीची पाने दगडाला चिकटून बसलेली, तर नंतरची दगड सोडून सुटी होऊ पाहणारी. अंगणाच्या मधोमध मात्र एकोणिसाव्या शतकात उभारलेले घराण्याचे समाधिमंदिर आहे. १८३५ मध्ये राजकुमार माक्सिमिलियान कार्ल यांच्या पत्नीच्या निधनानंतर ते बांधायला घेतले गेले. वास्तुरचना चांगली आहे, पण मध्ययुगीन अंगण रिकामेच राहिले असते तर बरे झाले असते, असे ते पाहिल्यावर मनात येतेच.

टपालाची गोष्ट याच ओवरीत आठवावी, कारण नियमावलीचे ५४ वे प्रकरण मठवासीयाला मठाधिपतीच्या परवानगीशिवाय पत्र देण्या-घेण्यास मनाई करते. ज्या घराण्याला हे घर मिळाले त्याचे मूळ इटलीतील बेर्गामोजवळच्या डोंगरी गावात. १४९० मध्ये टाक्सिस मंडळींनी हाब्सबुर्ग राजा पहिला माक्सिमिलियान यांच्यासाठी इन्सब्रुक ते नेदरलँड्स अशी टपालवाट उभी केली. दर टप्प्यावर ताजा घोडा व ताजा स्वार तयार ठेवायचा आणि पत्राच्या पिशवीसोबतच्या चिठ्ठीवर प्रत्येक ठाण्याने येण्या-जाण्याची वेळ टिपायची, ही सारी किमया. १५०५ च्या करारानुसार ब्रुसेल्स ते इन्सब्रुक हे अंतर उन्हाळ्यात साडेपाच आणि हिवाळ्यात साडेसहा दिवसांत कापायचे होते. पुढे पवित्र रोमन साम्राज्याचे टपाल हे घराण्याचे वंशपरंपरागत वतन झाले. या टपालातली पत्रे हाब्सबुर्ग राजसत्तेसाठी गुपचूप उघडून नकलली जात, हेही इतिहासात नोंदलेले आहे. मठाधिपती निदान उघडपणे पत्रे वाचत.

हे घराणे रेगेन्सबुर्गला आले ते १७४८ मध्ये, साम्राज्यसभेत सम्राटाचे प्रतिनिधी म्हणून. साम्राज्य १८०६ मध्ये संपले, बव्हेरियाने १८०८ मध्ये टपाल सरकारजमा केले, आणि या नुकसानीच्या भरपाईपोटी १८१२ मध्ये मठाच्या इमारती त्यांना मिळाल्या. त्याच सुमारास मठाचे हस्तलिखित-भांडार म्युनिकला हलवले गेले, आणि आज बव्हेरियाच्या राज्य ग्रंथालयात सुवर्णग्रंथ, मुस्पिली व रोस्विथा यांची पाने आहेत. लेखनिकांचे घर एकीकडे गेले आणि लेखन दुसरीकडे, ही फाटाफूट या वास्तूच्या वाट्याला आलेली सर्वांत मोठी हानी म्हटली पाहिजे. उरलेले टपाल १८६७ मध्ये प्रशियाने ३० लाख थालर, म्हणजे तेव्हाची जर्मन चांदीची नाणी, देऊन घराण्याकडून काढून घेतले.

राजवाड्याच्या दालनांविषयी कमी लिहिल्याबद्दल राजवाडाप्रेमींनी रागावू नये. दक्षिणेची दीर्घ इमारत १८८० च्या दशकात माक्स शुल्ट्झे याने नवप्रबोधन शैलीत बांधली. सिंहासनाची खोली, पिवळे दालन, आरसे, घरचे प्रार्थनामंदिर असा सारा थाट आहे, आणि त्यांतील काही सजावट फ्रँकफुर्टमधील घराण्याच्या जुन्या राजवाड्यातून उचलून आणलेली आहे. या दालनांत ज्यांचे आयुष्य गेले त्यांत हेलेने या सर्वांत ठसठशीत. १८५३ मध्ये ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्स योसेफ याच्याशी त्यांचा विवाह ठरवायचा होता, पण त्याने त्यांची धाकटी बहीण एलिझाबेथ, म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेली सिसी, पसंत केली. हेलेने यांनी १८५८ मध्ये या घराण्यात लग्न केले, १८६७ मध्ये विधवा झाल्या आणि घराण्याचा कारभार मोठ्या कर्तबगारीने सांभाळला. सिसीवर चित्रपट निघतात, हेलेने यांच्यावर फारसे कोणी लिहीत नाही.

१९९० मधील मालकाच्या निधनानंतर वारसाकर भागवण्यासाठी घराण्याने दागिने, चिनी मातीची भांडी, तपकिरीच्या रत्नजडित डब्या असा मोठा ऐवज १९९३ मध्ये बव्हेरिया राज्याला दिला. तो १९९८ पासून जुन्या घोड्यांच्या पागेत खजिना-संग्रहालय म्हणून मांडला आहे आणि शेजारीच पालख्यांसारख्या खुर्च्या व बग्ग्यांचे दालन आहे. म्युनिकहून रेल्वेने साधारण दीड तासात रेगेन्सबुर्ग गाठता येते आणि स्थानकापासून राजवाडा चालत जाण्याइतका जवळ आहे. एकच दिवस हाती असेल तर सकाळी उत्तर दारची शिल्पे व तळघरे, दुपारी ओवरी व दालनांची फेरी, आणि संध्याकाळी ऐतिहासिक संग्रहालयातील आराटुस असा क्रम सोयीचा पडतो. बग्ग्या वेळ उरल्यास पाहाव्यात.