क्लिक : ६१२, ३४०

गेल्या महिन्यात ऑफिसात डेमो होता. पंचविशीतल्या एका पोरानं एआय एजंट दाखवला. एजंट स्क्रीनशॉट घेतो, न्याहाळतो आणि ठरवतो, ६१२, ३४० वर क्लिक. माउस सरकला, बटण दाबलं गेलं, टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, पण आतून चडफडत होते. असल्याच दोन आकड्यांपायी २००४ साली कोड रिव्ह्यूमध्ये सगळ्यांदेखत माझी बिनपाण्यानं झाली होती.

तेव्हा पुण्यात टेस्टिंग म्हणजे ज्याला डेव्हलपमेंट जमत नाही त्याच्या गळ्यात मारायचं काम. टूल कुठलंही असो, विकायला येणारा सांगून जायचा, एकदा रेकॉर्ड करा, मग नुसतं प्लेबॅक. आमच्याकडे मर्क्युरी कंपनीचं विनरनर होतं. त्यात रेकॉर्डिंगच्या दोन तऱ्हा. एकीत बटणाला नावानं हाक मारायची. दुसरी ॲनालॉग, तिच्यात माउसचा अख्खा माग नोंदला जायचा, मध्येच शिंक आली तर तीसुद्धा. आकड्यांवर क्लिक करणं म्हणजे पाप, हे पहिल्याच ट्रेनिंगमध्ये आमच्या मनावर बिंबवलेलं.

पण आमच्या विमा सॉफ्टवेअरमधली ग्रिड एका डेव्हलपरनं स्वतःच्या कोडनं रंगवलेली. टूलला आतले रकाने दिसतच नसत, एक मोठा चौकोन तेवढा दिसे. मग त्या चौकोनात एक्स इतका, वाय इतका, असं मोजून क्लिक करण्यावाचून इलाज नव्हता. त्याला म्हटलं, रकान्यांना नावं दे. म्हणाला, 'टेस्टिंगसाठी प्रॉडक्ट बदलायचं का?' शिव्या मात्र मला. तो आता कुठंतरी व्हाइस प्रेसिडेंट आहे आणि टेस्टेबिलिटीवर भाषणं देतो.

त्याच ग्रिडमधली ओळ ड्रॅग करून खाली न्यायच्या टेस्टनं तीन आठवडे रडवलं. बटण दाब, खाली जा, बटण सोड. स्क्रिप्ट चोख, ओळ जागची हलेना. हातानं केलं की मुकाट सरकायची. एका रात्री कंपनीची शेवटची बस चुकली, तेव्हा विंडोजचं माउस इव्हेंट हे फंक्शन थेट चालवायला बसले. त्यात स्क्रीन लहान असो की मोठा, आडवी-उभी मोजणी ० ते ६५,५३५. गुणाकार-भागाकारानं वहीची चार पानं भरली तेव्हा उलगडा झाला. माणसाचा हात वाटेनं जातो, आमची स्क्रिप्ट उडी मारत होती. बटण दाबून माउस साधारण चार पिक्सेल सरकल्याशिवाय विंडोजच्या रिवाजात ड्रॅग सुरूच होत नाही आणि ती मधली चाल ग्रिडला दिसायला हवी. मग दोन-दोन पिक्सेलांची सहा पावलं टाकली, नंतर झेप. ओळ सरकली! रात्रीचे सव्वादोन. दाखवायला मजल्यावर फक्त कँटीनचा पोरगा होता. 'ताई, हे तर मी पण करतो,' म्हणाला.

२००७ मध्ये विंडोज व्हिस्टा आलं. ॲडमिन अधिकारानं चालणाऱ्या खिडकीवर साध्या स्क्रिप्टचा क्लिक पोचेनासा झाला. का पोचला नाही, हे फंक्शन सांगायचं नाही. रात्रीच्या रनला रिमोट डेस्कटॉपची खिडकी कुणी मिनिमाइज केली की सकाळी रिपोर्ट लालभडक.

त्यानंतरची वर्षं काय सांगायची? सगळं ब्राउझरात गेलं. आयडी शोधा, क्लिक करा, घरी जा. त्यासाठीचं टूल, सेलेनियम, २००४ मध्येच शिकागोत जन्मलं होतं. पाऱ्याच्या विषबाधेवर सेलेनियम, असा मर्क्युरीला मारलेला टोमणाच त्याच्या नावात आहे. मर्क्युरी २००६ मध्ये एचपीनं घेतली. तिच्याच क्यूटीपी या टूलच्या ज्या व्हीबीस्क्रिप्टवर माझ्या घराचे हप्ते फिटले, तिला मायक्रोसॉफ्टनं २०२३ मध्ये निवृत्तीची नोटीस दिली.

डेमो संपल्यावर मी त्या पोराला म्हटलं, 'अरे, स्क्रीनवरची ही ओळ ड्रॅग करून दाखव.' एजंटनं दाबलं, उडी मारली, सोडलं. ओळ तिथंच.

'मॉडेल सुधारेल, मॅम.'

मी त्याला चार पिक्सेल सांगितले, पावलं सांगितली. त्यानं लगेच लॅपटॉप उघडला. 'हे कुठं लिहिलेलं आहे?'

लिहिलेलं होतं, स्क्रिप्टमधल्या कॉमेंटमध्ये, तारखेसकट. प्रोजेक्ट संपला तेव्हा क्लायंटनं सर्व्हर परत मागितला आणि जाण्यापूर्वी तो फॉर्मॅट करायचं काम माझ्याकडेच आलं होतं.