वासाचं मूळ पोटात नाही, जिभेवर

सिल्वासातल्या धाग्याच्या कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे : ‘दोन वेळा ब्रश करतो, तरी तोंडाला वास येतो. पोट साफ होत नाही म्हणून असेल का?’ घरोघरी हाच समज, आणि त्यापायी चूर्णांवर किती पैसे जातात! अन्ननलिका एरवी मिटलेली असते. ती उघडते गिळताना किंवा ढेकर येताना. बहुतेकांच्या बाबतीत वास तोंडातच तयार होतो.

आरशासमोर जीभ पूर्ण बाहेर काढा. अगदी मागे पांढरट-पिवळट थर दिसेल. मेलेल्या पेशी, अन्नाचे कण आणि प्राणवायूविना जगणारे जिवाणू यांचा तो थर. हे जिवाणू प्रथिनं फोडतात आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड, मिथाइल मरकॅप्टन असे गंधकाचे वायू सुटतात. कॅनडातले जोसेफ टोन्झेटिच यांनी हे वायू मोजून दाखवले, तेव्हा कुठे या विषयाला शास्त्राचा पाया मिळाला. ब्रश दातांवर फिरतो, जीभ तशीच राहते. चरकसंहितेत जीभ खरवडायला सोनं, चांदी, तांबं, कथील, पितळ अशा धातूंची साधनं सांगितली आहेत. आज साधा टंग क्लीनर पुरतो.

लाळ हे जिवाणू धुऊन नेते. झोपेत ती कमी होते, म्हणून सकाळी वास जास्त. रात्रपाळीत पाणी कमी, चहा जास्त, आणि झोप येऊ नये म्हणून ओठात तंबाखूचा बार. तंबाखूने हिरड्या दातांपासून सुटतात आणि त्या फटींत तेच जिवाणू घर करतात. माउथवॉश हा वास तासा-दोन तासांपुरता झाकतो. लिस्टरीन १८७९ साली जंतुनाशक म्हणून निघालं. मुखदुर्गंधीची धास्ती घालून त्याचा खप वाढवला तो १९२०च्या दशकातल्या जाहिरातींनी.

आपल्याकडे वास घालवायला आणि दात घासायला म्हणून बायका मशेरी लावतात. तव्यावर तंबाखू काळीभोर होईतो भाजायची, चुरायची आणि बोटाने हिरड्यांवर चोळायची. दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे. घरच्या तव्यावर ही बंदी कशी पोचणार? तंबाखूने तोंडाचं काय होतं, हे आपल्याकडे तपासलंही गेलं आहे. अणुशास्त्रज्ञ होमी भाभांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांच्याच टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले दंतवैद्य डॉ. फली मेहता मात्र विस्मरणात गेले. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांत १,०१,७६१ जणांची तोंडं तपासली आणि तंबाखूच्या सवयी व तोंडाचा कर्करोग यांवरचा अहवाल १९७२ साली प्रसिद्ध केला. गावोगाव गाल ओढून पाहण्याचं हे काम माझ्या मते कुठल्याही मोठ्या प्रयोगाच्या तोडीचं आहे.

तेव्हा आधी जीभ मागून पुढे हलक्या हाताने खरवडा, दातांच्या फटी साफ करा, पाळीत पाण्याची बाटली जवळ ठेवा. पंधरवड्यात फरक पडला नाही, हिरड्यांतून रक्त येत असेल किंवा गालात न पुसला जाणारा पांढरा चट्टा दिसला, तर सिल्वासातल्या विनोबा भावे सिव्हिल रुग्णालयात दंतवैद्याला दाखवा. तंबाखू आणि मशेरी सोडायची असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी मदत क्रमांक मोफत आहे. आज फोन करा.